सोमवारची माणसं

वर्धापनदिनाचं पोस्टर कसं असतं, ते आपल्याला पाठ आहे. वर बाहेरगावाहून येणाऱ्या मोठ्या कलाकाराचं नाव आणि फोटो, खाली प्रायोजकांचे लोगो, आणि त्या दोघांच्या मध्ये डोळे बारीक करून वाचावी लागणारी एक ओळ: 'प्रारंभी स्थानिक कलाकारांचा कार्यक्रम'. या ओळीचा अर्थही सगळ्यांना ठाऊक असतो. म्हणजे तोपर्यंत खुर्च्या भरतात, साउंडवाला माइक तपासून घेतो, आणि स्थानिक कलाकाराचे नातेवाईक पहिल्या रांगेत बसून व्हिडिओ काढतात. 'स्थानिक' हा शब्द आपल्याकडे पत्ता कमी आणि दर्जा जास्त सांगतो. पिकतं तिथं विकत नाही, हे आपण शेतमालाबद्दल म्हणायला लागलो आणि माणसांबद्दल पाळायला लागलो.

न्यूयॉर्कमधला एक जॅझ क्लब हे पोस्टर उलटं छापतो. व्हिलेज व्हॅनगार्ड त्याचं नाव. तिथे मंगळवार ते रविवार पाहुण्यांचे बँड असतात, बहुतेक वेळा आठवड्याला एक. सोमवार मात्र घरच्या बँडचा. सोळा जणांचा व्हॅनगार्ड जॅझ ऑर्केस्ट्रा १९६६च्या फेब्रुवारीपासून दर सोमवारी तिथे वाजवत आला आहे. वर्षातून एकदा, फेब्रुवारीत, बँडचा वाढदिवस येतो, तेव्हा हीच मंडळी एका सोमवारऐवजी सबंध आठवडा मंचावर बसतात. बाकी वर्षभर ज्या जागी जगभरातली नावं झळकतात, ती जागा त्या आठवड्यात शहरातल्याच, शहराबाहेर फारशा कुणाला नावानं ठाऊक नसलेल्या वादकांची असते.

मला या वाढदिवसाबद्दल लिहायचं आहे, आणि त्यानिमित्तानं आलेल्या एका रेकॉर्डबद्दल. २०१६मध्ये बँडला पन्नास वर्षं झाली, तेव्हा रेझोनन्स रेकॉर्ड्सनं 'ऑल माय यस्टर्डेज' नावाचा दोन सीडींचा संच काढला. त्यात १९६६च्या ७ फेब्रुवारीचं, म्हणजे बँडच्या पहिल्याच रात्रीचं, आणि २१ मार्चचं रेकॉर्डिंग आहे. मी तो फोनवर, साध्या इअरफोनवर, गेली काही वर्षं अधूनमधून ऐकते आहे. व्हॅनगार्डच्या पायऱ्या मी कधी उतरलेले नाही. ही जागा मला कानांनीच माहीत आहे, आणि जगातल्या बहुतेकांना ती तशीच माहीत असणार. त्यामुळे प्रश्न असा पडतो की एखादी जागा आपण फक्त ऐकूनच ओळखत असू, तर आपण नक्की कुणाला ऐकून ओळखतो?

आधी जागेबद्दल. मॅक्स गॉर्डन नावाच्या माणसानं १९३५ साली सेव्हन्थ अव्हेन्यू साउथवर १७८ नंबरच्या इमारतीच्या तळघरात हा क्लब मांडला. पूर्वी तिथे दारूबंदीच्या काळातला चोरटा बार होता. लाल दरवाजा, मग खाली जाणाऱ्या अरुंद पंधरा पायऱ्या, आणि खाली एका टोकाला निमुळती होत गेलेली खोली. साधारण पिझ्झाच्या तुकड्यासारखी. टोकाकडे मंच, पसरट बाजूला बार. जेमतेम १२३ माणसं बसतात. स्वयंपाकघर आहे, पण तिथे स्वयंपाक होत नाही. वादक मध्यंतरात तिथे उभे राहतात, तेच ऑफिस आणि तीच ग्रीन रूम. सुरुवातीला इथे कवी कविता म्हणायचे, नकला व्हायच्या, लोकगायक गायचे. लेडबेली इथे गायला आहे. १९५७च्या सुमाराला मॅक्सनं बाकीचं बाजूला ठेवून जॅझवर भर दिला. आता ९० वर्षं उलटली तरी पत्ता तोच आहे. न्यूयॉर्कमधल्या जागेच्या किमती पाहता हा प्रकार संगीतापेक्षाही अद्भुत म्हणायला हवा.

प्लेलिस्टमधून जॅझकडे आलेल्या माणसाला व्हॅनगार्ड भेटतो तो रेकॉर्डच्या नावांतून. 'अमुक ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड' अशा नावाचे इतके अल्बम आहेत की ती जवळपास एक शैलीच वाटावी. पहिलं मोठं नाव सॉनी रोलिन्सचं: ३ नोव्हेंबर १९५७, पियानोशिवाय, फक्त बास आणि ड्रम्सच्या आधारानं वाजलेला टेनर सॅक्सोफोन. (हेच रोलिन्स पुढे साठच्या दशकाच्या अखेरीस संगीतातून सुट्टी घेऊन मुंबईत पवईच्या आश्रमात काही महिने राहिले आणि १९७८च्या जॅझ यात्रेत मुंबईत वाजवूनही गेले.) मग २५ जून १९६१चा रविवार, बिल इव्हान्सचं त्रिकूट. पाच सेट, दुपारपासून रात्रीपर्यंत. पियानो इतका हळुवार की टेबलावरच्या ग्लासांची किणकिण, कुणाचं तरी हसणं, सगळं रेकॉर्डमध्ये उतरलं आहे. अकरा दिवसांनी या त्रिकुटाचा बासवादक स्कॉट लाफारो मोटार अपघातात गेला. तेव्हापासून त्या किणकिणीला लोक शोकगीतासारखं ऐकतात. त्या दिवशी ती फक्त किणकिण होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरात जॉन कोल्ट्रेन आला. त्या रात्रींतून निघालेल्या एका रचनेचं नाव 'इंडिया'. दोन बास एकत्र वाजतात, आणि त्यांच्या घुमण्यावर सोप्रानो सॅक्सोफोन नि एरिक डॉल्फीचा बास क्लॅरिनेट फिरत राहतो. तानपुरा ऐकत वाढलेल्या कानाला हा आवाज परका वाटत नाही, आणि ओळखीचाही वाटत नाही. षड्ज आहे, राग नाही. मला ही रचना आवडते, तरी ती 'भारतीय' म्हणून पाठवणाऱ्या प्रत्येक मित्राशी मी भांडते.

हे सगळे अल्बम थोरच आहेत, पण त्यांनी आपल्या डोक्यात एक चित्र बसवलं आहे: मोठा कलाकार येतो, तळघरात उतरतो, चार रात्री वाजवतो, इतिहास घडतो, तो निघून जातो. म्हणजे जागा जणू एक चांगली कोरी वही, आणि येणारे तिच्यात लिहून जाणारे. यातली गंमत अशी की रोलिन्स न्यूयॉर्कच्याच हार्लेमचा पोरगा, आणि कोल्ट्रेनचं घर तेव्हा क्वीन्समध्ये. दोघंही पत्त्यानं स्थानिकच होते. तरीही त्यांना 'स्थानिक कलाकार' म्हणायला आपली जीभ रेटत नाही, कारण त्यांचं नाव शहराच्या बाहेर गेलं. मग स्थानिक म्हणजे कोण? माझ्यापुरतं मी उत्तर काढलं आहे: जो पुढच्या आठवड्यातही येणार आहे, तो.

१९६५च्या अखेरीस थॅड जोन्स आणि मेल लुइस या दोघांनी मिळून बँड जमवायला घेतला, त्यामागे एक नकार होता. थॅड ट्रम्पेट नि कॉर्नेट वाजवणारा, मिशिगनमधल्या पाँटिॲकचा, आधी काउंट बेसीच्या बँडमध्ये कैक वर्षं काढलेला. बेसीनं त्याच्याकडून एका अल्बमसाठी रचना लिहून घेतल्या आणि मग ठेवून दिल्या. त्या बँडच्या सरळ, डुलत्या चालीला थॅडचं लिखाण फार गुंतागुंतीचं पडत होतं. लिहिलेला कागद थॅडकडे परत आला. हातात रचना आहेत आणि वाजवायला बँड नाही, अशा अवस्थेत त्यानं ड्रमर मेल लुइसला गाठलं, आणि दोघांनी ओळखीच्या वादकांना फोन लावले.

हे ओळखीचे वादक कोण, इथे खरी गोष्ट आहे. त्यातले बहुतेक न्यूयॉर्कच्या स्टुडिओंमध्ये रोजंदारीवर वाजवणारे होते. जाहिरातींच्या धून, टीव्हीचे कार्यक्रम, गायकांच्या मागचा वाद्यवृंद. समोर कागद ठेवला की पहिल्या वाचनात बिनचूक वाजवायचं, सही करायची, पुढच्या स्टुडिओकडे पळायचं. पियानोवर होता थॅडचा मोठा भाऊ हँक जोन्स, सीबीएसच्या नोकरीत असलेला. १९६२मध्ये मॅरिलिन मन्रोनं राष्ट्राध्यक्ष केनेडींसाठी 'हॅपी बर्थडे' गायलं तेव्हा पियानोवर हाच होता, आणि त्या व्हिडिओत तो कुणाला आठवत नाही. (धाकटा भाऊ एल्विन जोन्स. रोलिन्सच्या त्या १९५७च्या रात्री आणि कोल्ट्रेनच्या १९६१च्या रात्रींना ड्रम्सवर तो होता. या तळघराचा इतिहास एका घरातल्या तीन भावांवरून सांगता येईल.) या मंडळींना दिवसा वेळ नसे, संध्याकाळीही नसे, म्हणून तालमी सोमवारी मध्यरात्री ए अँड आर स्टुडिओत होत. पैसे नव्हतेच. दिवसभर दुसऱ्यांचं वाजवून आलेली माणसं रात्री बारा वाजता, फुकट, अवघड कागद वाजवायला का जमली असतील, याचं उत्तर मला ही रेकॉर्ड देते.

मॅक्स गॉर्डननं त्यांना सोमवार दिला. सोमवार म्हणजे क्लबसाठी मेलेला वार. पाहुणा बँड सुट्टीवर, गिऱ्हाईक कमी. काही सोमवार वाजवून बघा, एवढंच बोलणं होतं.

७ फेब्रुवारीच्या त्या पहिल्या रात्री जॉर्ज क्लॅबिन नावाचा १९ वर्षांचा कॉलेजातला पोरगा आपली यंत्रं घेऊन तिथे बसला होता. त्यानं जे टिपलं ते अधिकृतपणे लोकांपर्यंत पोचायला पन्नास वर्षं लागली. रेझोनन्स ही कंपनी त्यानंच पुढे काढलेली. आवाज आजच्या मानानं चकाचक नाही, आणि मी त्याबद्दल एका शब्दानं तक्रार करणार नाही. सोळा-अठरा माणसं एका निमुळत्या खोलीत कोंबली की जो आवाज होतो, तो यात आहे. ट्रम्पेट कानात घुसतात. पितळ कमी छताला लागून परत येतं. वादकांच्या आरोळ्या ऐकू येतात, आणि त्या प्रेक्षकांसाठी मारलेल्या नाहीत. एकानं काहीतरी चांगलं वाजवलं म्हणून शेजारच्यानं दिलेली दाद आहे ती. मैफलीत तबलजीनं 'क्या बात' म्हणावं तशी.

बिग बँड ऐकायची सवय नसेल तर थोडं सांगते. पुढे पाच सॅक्सोफोन, मागे चार ट्रॉम्बोन, त्यामागे चार ट्रम्पेट, बाजूला पियानो, बास, ड्रम्स. ढोबळमानानं ही मांडणी. बराचसा भाग लिहिलेला असतो. मधल्या मोकळ्या जागेत एकेक जण उठून एकल वाजवतो, तेव्हा बाकीचे मागून छोटे छोटे तुकडे पुरवतात. तीसच्या दशकात हे नाचाचं संगीत होतं. १९६६पर्यंत त्याचे दिवस संपले होते. बीटल्सच्या काळात अठरा माणसांचा जॅझ बँड काढणं म्हणजे आज कुणी सर्कशीचा तंबू विकत घेण्यासारखं.

'बॅक बोन'नं रात्र सुरू होते, आणि पहिल्या काही मिनिटांत कळतं की बेसी का घाबरला असेल. थॅड एका साध्या सुरावटीखाली असे सूर रचतो की ती घसरते आहे की काय असं वाटावं. सॅक्सोफोनचा ताफा एकत्र एक लांब वाक्य बोलतो. पाच जण, पाच वेगळे सूर, एकच श्वास. कागदावर लिहिलेलं असूनही ते कुणीतरी आत्ता सुचून वाजवल्यासारखं लवतं. हे काम स्टुडिओवाल्यांचंच. वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे कागद अचूक वाचून त्यांच्या बोटांत जी शिस्त बसली, ती इथे पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीनं खर्च होते आहे.

माझा जीव अडकतो तो 'द लिटल पिक्सी'वर. लांबलचक आहे. एकेक जण उठतो आणि वाजवतो. थॅड समोर उभा राहून हातानं खुणा करत असे: आता ड्रम्स थांबा, आता पियानोसुद्धा नको, एकट्यालाच वाजवू दे, आता ट्रॉम्बोननी मागून टोचा. लिहिलेल्या रचनेची तो मंचावर पुन्हा जुळणी करत असे. इअरफोनमध्ये हात दिसत नाहीत, पण आधार काढून घेतल्यावर एकल वाजवणाऱ्याच्या आवाजात येणारा ताण ऐकू येतो. अचानक खालची जमीन गेली आहे, आणि त्याला चालत राहायचं आहे. तो चालतो. मग एखाद्या वळणावर सगळा बँड परत येऊन त्याला झेलतो, आणि खोली ओरडते. कुठल्याही थोर पाहुण्याच्या चार रात्रींत हे होणार नाही. त्यासाठी खुणा करणाऱ्याला समोरचा कुठवर तग धरेल ते ठाऊक हवं, आणि समोरच्याला आपल्याला कुणीतरी झेलणार आहे ते.

मेल लुइसबद्दल वेगळं लिहायला हवं. सहवादक त्याला 'द टेलर', म्हणजे शिंपी, म्हणत. नाव वेगळ्याच कारणानं पडलं होतं, पण शोभतं. बिग बँडचा ड्रमर म्हटला की घामाघूम होऊन आदळआपट करणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. मेल हळू वाजवतो. त्याची झांज कोरड्या पानांसारखी सळसळत राहते, आणि पितळी वाद्यांच्या दोन वाक्यांमधल्या फटीत तो नेमका एक टाका घालतो. मी एकदा 'मीन व्हॉट यू से' फक्त ड्रम्सकडे लक्ष ठेवून ऐकलं. २१ मार्चच्या रात्रीचं आहे ते. सहा आठवडे झाले आहेत, बँड सैलावला आहे, आणि मेलला आता कळलं आहे की ही खोली लहान आहे, इथे जोर लावायची गरज नाही. पहिल्या रात्रीच्या आणि सातव्या सोमवारच्या रेकॉर्डिंगमधला हा फरक या संचातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. ७ फेब्रुवारीला बँड झगमगतो. २१ मार्चला बँड राहायला आलेला असतो. समीक्षकांनी पहिल्या रात्रीचं कौतुक जास्त केलं, कारण पहिली रात्र म्हटलं की गोष्ट आयती मिळते. मला दुसरी सीडी जास्त आवडते. बॉब ब्रुकमायरनं बांधलेलं 'विलो वीप फॉर मी' त्यात आहे. ते ऐकताना उदास गाण्यात इतकी मिश्किली कशी मावते, असं वाटत राहतं.

आणखी एक गोष्ट. १९६६च्या अमेरिकेत हा बँड जवळपास अर्धा काळ्या आणि अर्धा गोऱ्या वादकांचा होता. दोन प्रमुखांपैकी एक काळा, एक गोरा ज्यू. त्यावर त्यांनी भाषण केल्याचं रेकॉर्डिंगमध्ये तरी कुठे नाही. ते फक्त शेजारी बसले आहेत.

इथे मला आमच्या मुंबईची आठवण होणं अटळ आहे. चाळीस ते साठच्या दशकांत मुंबईत गोव्याहून आलेले वादक नेमकं हेच आयुष्य जगत होते. रात्री ताजमध्ये किंवा चर्चगेटच्या रेस्टॉरंटांमध्ये जॅझ, सकाळी फिल्म स्टुडिओत हिंदी गाण्यांच्या मागचा ऑर्केस्ट्रा. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट सी. रामचंद्रांचा सहायक होता; १९५१च्या 'अलबेला'त तो बँडसह दिसतोही. सेबॅस्टियन डिसूझा शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांचे वाद्यमेळ लिहीत. नरेश फर्नांडिस यांच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट'नं २०१२ मध्ये ही माणसं पुन्हा उजेडात आणली. तबकडीवर नाव संगीतकाराचं, गायकाचं, गीतकाराचं. एवढी कसबी माणसं एका शहरात होती, पहिल्या वाचनात काहीही वाजवणारी. हँक जोन्स आणि त्यांच्यात कौशल्याचं अंतर किती होतं यावर वाद घालता येईल. मला त्यापेक्षा मोठं अंतर दिसतं ते सोमवारचं. त्यांच्याकडे थॅडचा कागद नव्हता असं नाही. अँथनी गोन्साल्विसनं १९५८ साली मुंबईत स्वतःच्या रचना भल्यामोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या होत्याच. पण एखादी मैफल वेगळी आणि पुढच्या आठवड्यात, त्याच खोलीत, त्याच माणसांबरोबर पुन्हा बसणं वेगळं. तळघर चालवणाऱ्यानं मेलेला वार देऊन टाकला, तो परत मागितला नाही, आणि साठ वर्षं तसाच राहू दिला. व्हॅनगार्डच्या मालकाचं संगीताला योगदान काय, असं विचारलं तर मी रोलिन्स, इव्हान्स, कोल्ट्रेन ही नावं सांगण्याआधी सोमवार सांगीन.

आता तक्रारी. वर्धापन म्हटला की मागे वळून बघणं आलं, आणि मागे बघण्यात एक सुस्ती असते. १९७९मध्ये थॅड सगळं सोडून कोपनहेगनला निघून गेला. तिथेच १९८६ साली वारला. मेलनं बँड चालू ठेवला, तो १९९०च्या फेब्रुवारीत गेला. दोन्ही संस्थापक नाहीत, तरी दर सोमवारी बँड हजर. आता त्याचं नाव व्हॅनगार्ड जॅझ ऑर्केस्ट्रा. इथे धोका उघड आहे: थॅडचे कागद पोथी होऊन बसायचे. नंतरच्या काळातली काही थेट रेकॉर्डिंग्ज ऐकताना मला हे जाणवतं. सॅक्सोफोनचं ते लांब वाक्य आता जास्त सफाईदार आहे, आणि म्हणूनच थोडं कमी जिवंत. १९६६च्या मंडळींना ते जमेल की नाही याची खात्री नव्हती. आजच्यांना आहे. खुणा करणारा हातही नाही. त्याच्या जागा आता ठरलेल्या आहेत. थॅड जिथे ड्रम्स थांबवायचा तिथे ते थांबतात, आणि ते थांबणार हे नेहमीच्या श्रोत्याला ठाऊक असतं. अपघाताचं वेळापत्रक झालं की अपघात राहत नाही.

या सुस्तीवर बँडनं स्वतःच औषध शोधलं, हेही सांगायला हवं. मेलनं १९८०च्या आसपास ब्रुकमायरला परत आणलं आणि त्याला काहीही लिहायची मोकळीक दिली. त्याचं लिखाण नेहमीच्या श्रोत्यांना जड गेलं असेल, पण बँड संग्रहालय व्हायचा वाचला. पुढे जिम मकनीली यानं बँडच्या पियानोवर बसूनच नव्या रचनांचा दुसरा ढीग उभा केला. २००८ साली आलेल्या 'मंडे नाइट लाइव्ह ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड'ला ग्रॅमी मिळालं. त्यात हे तिन्ही हात शेजारी शेजारी ऐकू येतात, आणि माझ्या मते थॅडच्या रचना तिथे जास्त चांगल्या वाजतात. बाजूला ब्रुकमायरचा काटेरी कागद असला की थॅडही पुन्हा अवघड वाटायला लागतो. वाढदिवसाच्या आठवड्यात नवं लिखाण किती आणि जुनं किती, हे मी त्यामुळे नेहमी तपासून बघते. नुसतं जुनं असेल तर तो वाढदिवस नसून श्राद्ध आहे.

मॅक्स १९८९ला गेला. नंतर जवळपास तीन दशकं क्लब त्याची बायको लोरेन गॉर्डन हिनं चालवला. ही बाई १९४८ साली थेलोनियस मंकला कुणी ऐकत नसताना मॅक्सच्या मागे लागून त्याला व्हॅनगार्डमध्ये घेऊन आली होती. तेव्हा क्लब ओस पडला. ९५व्या वर्षी, २०१८मध्ये ती गेली, आणि आता मुलगी डेबोरा बघते. क्लबमध्ये फोन काढायला, फोटो घ्यायला मनाई आहे. आपल्यासारख्यांना हे जाचक वाटेल. मला वाटतं, 'लिटल पिक्सी'सारख्या ठिकाणी १२३ माणसांनी फोन वर धरले असते, तर त्या एकट्या वाजवणाऱ्याला झेलायला बँडच उरला असता, खोली उरली नसती.

आणि तरीही फोननंच एकदा क्लब तगवला. मार्च २०२०मध्ये दरवाजे बंद झाले. जूनपासून रिकाम्या खोलीतून थेट प्रक्षेपण सुरू झालं, तिकीट काढून कुणीही बघावं. मी त्यातले दोन-तीन कार्यक्रम आपल्याकडच्या भल्या पहाटे बघितले. ती निमुळती भिंत, लाल पडदा, मंचावर चार माणसं. आवाज रेकॉर्डपेक्षा कितीतरी स्वच्छ. एक तुकडा संपला की शांतता. ग्लास नाही, खोकला नाही. वादक एकमेकांकडे बघून हसायचे आणि पुढचं सुरू करायचे. त्या शांततेत मला कळलं की इव्हान्सच्या रेकॉर्डवरची ती किणकिण कुणी केली होती. तीही शहरातलीच माणसं. त्या रविवारी कामधंदा आटोपून खाली उतरलेली, अर्धवट ऐकणारी, बिल देऊन घरी गेलेली. त्यांची नावं कुठल्याच अल्बमवर नाहीत.

सोळा जणांचा बँड त्या वेळी जमणं अवघडच होतं. दाटीवाटीनं बसणं हाच त्याचा धर्म. सप्टेंबर २०२१मध्ये क्लब पुन्हा उघडला. सोमवारही परतला.

'ऑल माय यस्टर्डेज' ऐकायचं असेल तर पहिल्या सीडीपासून सुरू करू नका. २१ मार्चचं 'लो डाउन' लावा. तीही बेसीसाठी लिहिलेल्यांपैकीच. मग 'मीन व्हॉट यू से', आणि सगळ्यात शेवटी मागे जाऊन पहिल्या रात्रीचं 'लिटल पिक्सी'. इअरफोनचा आवाज थोडा जास्त ठेवा. मधे एका जागी सगळी वाद्यं थांबतात, एकटा सॅक्सोफोन उरतो, आणि मागून कुणीतरी जोरात काहीतरी ओरडतं. शब्द कळत नाहीत. मी पुष्कळदा मागे नेऊन ऐकलं आहे.